गंडरादित्य म्हणजे नक्की काय? कोल्हापूरच्या एका विसरलेल्या नावाचा अर्थ

गेल्या महिन्यात माझ्या भावाला मुलगा झाला. आमच्याकडं बाळाचं नाव आत्यानं कानात सांगायचं असतं, म्हणजे मी. पत्रिका करून आणली तर धनिष्ठा नक्षत्र, पहिलं चरण, अक्षर आलं ग. आता ग वरनं मुलाचं नाव शोधायला बसा म्हणजे कळेल किती अवघड आहे ते, गणेश झालं, गजानन झालं, गंगाधर झालं, गोविंद-गोपाळ म्हणावं तर गो अक्षर शततारकेला जातं, आणि घरात दोन गणेश आधीच आहेत, एक सख्खा काका आणि एक मावसभाऊ. भावाला राजाचं नाव पाहिजे होतं, वहिनीला वर्गात दुसऱ्या कुणाचं नसेल असं पाहिजे होतं. मग मी फॅमिली ग्रुपवर टाकलं, गंडरादित्य. अर्धा तास कुणीच काही बोललं नाही, आणि नंतर एकदम प्रश्न सुरू झाले.

ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं मी इथं नीट लिहून काढतेय, कारण आपल्या कोल्हापूरच्या एका राजाचं हे नाव कोल्हापुरातच कुणाला माहीत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं, आणि दुसरं कारण म्हणजे या एका नावात भाषेची एक सुंदर गंमत आहे जी समजली की जुनी अजून पाचपन्नास नावं आपोआप उलगडायला लागतात.

सगळ्यात आधी राजा कोण ते सांगते, थोडक्यात. शिवाजी महाराजांच्या आधी पाचशे वर्षं, यादवांच्याही आधी, आपल्या भागावर शिलाहारांचं राज्य होतं. शिलाहारांच्या तीन शाखा, एक उत्तर कोकणात ठाण्याकडं, एक दक्षिण कोकणात आणि तिसरी कोल्हापूर-कराड-मिरज या आपल्या पट्ट्यात. ते कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक होते म्हणून त्यांना महामंडलेश्वर म्हणायचे, पण मांडलिक असले तरी त्यांचा रुबाब मोठा होता, चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य याची राणी चंद्रलेखा ही शिलाहारांचीच मुलगी, बिल्हण कवीनं कराडच्या तिच्या स्वयंवराचं वर्णन करून ठेवलंय. तर या कोल्हापूरच्या शाखेत मारसिंह नावाचा राजा झाला, त्याची मुलं एकामागून एक गादीवर बसली, भोज पहिला, बल्लाळ, आणि त्यांच्यानंतर गंडरादित्य. त्याचे ताम्रपट आणि शिलालेख साधारण 1110 ते 1135 या काळातले मिळतात. त्याचा मुलगा विजयादित्य, आणि नातू भोज दुसरा, पन्हाळ्यावर गेलं की ज्या राजा भोजाचं नाव ऐकायला मिळतं तो हा, धारचा भोज वेगळा, लोक दोघांत नेहमी गल्लत करतात. 1212 च्या सुमाराला यादवांच्या सिंघणानं या भोजाला हरवलं आणि शिलाहारांचं राज्य संपलं.

आता नावाकडं येऊ.

वहिनीनं पहिल्यांदा नाव ऐकलं तेव्हा तिला वाटलं गंध आणि आदित्य, म्हणजे सुगंधी सूर्य वगैरे. भाऊ म्हणाला गांधार असेल, गांधारादित्य, अफगाणिस्तानकडचा. मराठी शब्दकोश उघडला तर गंड म्हणजे गाल, हत्तीचं गंडस्थळ आपण म्हणतोच, आणि हल्लीच्या मराठीत न्यूनगंड, अहंगंड. गालांचा सूर्य? काहीच जुळेना. आणि यात कुणाचीच चूक नाही, कारण सगळे संस्कृतमध्ये आणि मराठीत शोधत होते आणि शब्द बसलाय तिसऱ्याच घरात.

त्या दिवशी शेजारच्या काकू बाळ बघायला आल्या होत्या, माहेर त्यांचं गडहिंग्लजकडचं, घरी अर्धं कानडी बोलायच्या. नाव ऐकल्याबरोबर काकू म्हणाल्या, "अगं, गंड म्हंजे नवरा की! लेकराचं नाव नवरा ठेवताय व्हय?" सगळी हसायला लागली, वहिनीचा चेहरा पडला, आणि मला मात्र आनंद झाला कारण काकूंनी दारावरची कडी बरोबर काढली होती.

गंड हा कन्नड शब्द आहे. आज बोलीत गंड म्हणजे नवरा, गंड-हेंडती म्हणजे नवरा-बायको, हे काकूंचं अगदी बरोबर. पण मूळ अर्थ पुरुष, आणि त्यातून मर्द, शूर, वीर. गंडसु म्हणजे पुरुष. गंडुगली म्हणजे महापराक्रमी. नवरा हा त्याच शब्दाचा घरातला अर्थ, आपल्याकडं नाही का, बाई नवऱ्याला "आमचा माणूस" म्हणते तसंच, म्हणून काही माणूस या शब्दाचा अर्थ फक्त नवरा होत नाही. जुन्या शिलालेखांतून राजांच्या बिरुदांमध्ये गंड येतो तो वीर या अर्थानं. विजयनगरच्या राजांचं एक प्रसिद्ध बिरुद होतं, मूरु रायर गंड, मूरु म्हणजे तीन, राय म्हणजे राजे, तिघा राजांना पुरून उरणारा वीर. आणि तो दोन डोक्यांचा पक्षी, गंडभेरुंड, जो म्हैसूरच्या राजघराण्याचं चिन्ह होता आणि आज कर्नाटक सरकारच्या मुद्रेवर आहे, त्याच्या नावातही हेच अक्षर पुढं आहे.

आता खरी मजा त्या र मध्ये आहे, इथं जरा थांबून वाचा.

नाव गंड + आदित्य असतं तर संधी काय झाली असती? गंडादित्य. विक्रम + आदित्य विक्रमादित्य, विजय + आदित्य विजयादित्य, तसं. मग मधे हा र कुठून आला? हा र काही संस्कृतातला नाही आणि चुकून पडलेलाही नाही, तो कन्नडच्या अनेकवचनाचा र आहे, आणि त्याला षष्ठीचा प्रत्यय, म्हणजे आपला चा-ची-चे, लागलेला आहे. कन्नडमध्ये माणसांचं अनेकवचन अरु लावून होतं, आणि त्याला "चा" जोडायचा झाला की शेवटचा उ जातो आणि अ येतो. अवरु म्हणजे ते लोक, अवर म्हणजे त्यांचा. गडहिंग्लजच्या बाजारात उभं राहिलात तर अवर मने, त्यांचं घर, असं कानावर पडेलच. त्याच हिशोबानं गंडरु म्हणजे वीर लोक, गंडर म्हणजे वीरांचा. मूरु रायर गंड मध्ये सुद्धा राय शब्दाला हाच र चिकटलाय बघा, राजांचा.

म्हणून गंडर + आदित्य = गंडरादित्य. वीरांचा सूर्य, वीरांमध्ये सूर्यासारखा.

मी हे काकूंना समजावून सांगितलं तर त्यांनी स्वतःच दोनतीनदा म्हणून बघितलं, गंडर, गंडर, आणि म्हणाल्या, "आता बरं वाटतंय." काकूंना जे जन्मभर तोंडात होतं ते व्याकरण म्हणून त्यांनी कधी बघितलं नव्हतं एवढंच.

म्हणजे बघा, नावाचा पहिला अर्धा भाग कन्नड, प्रत्यय पण कन्नड, आणि दुसरा अर्धा भाग आदित्य हा शुद्ध संस्कृत, आणि दोन्हीला जोडणारी संधी पुन्हा संस्कृतची. एका नावात दोन भाषा. ही काही भेसळ नाही, त्या काळचं आपलं कोल्हापूर तसंच होतं. शिलाहारांचे लेख संस्कृतात आहेत आणि कन्नडमध्ये पण आहेत, देवळातल्या दगडावर ज्या भाषेत दान लिहिलं ती लोकांना कळणारी भाषा असणारच ना. आणि आजही आपण तूप म्हणतो ते कन्नडच्या तुप्पवरनं, अडकित्ता म्हणतो त्यात अडिके म्हणजे सुपारी, थोरल्या बहिणीला अक्का आणि भावाला अण्णा म्हणतो, हे सगळं तिकडचंच, इतकं आपलं झालंय की वेगळं वाटतच नाही. नाव मात्र तेवढं आपलं राहिलं नाही.

हे नाव फक्त कोल्हापूरचंच असं मात्र मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. तमिळनाडूत चोळ घराण्यात आपल्या राजाच्या दीडशे-दोनशे वर्षं आधी एक गंडरादित्य होऊन गेला, दहाव्या शतकात, परांतक चोळाचा मुलगा, ज्याचा भाऊ राजादित्य 949 मध्ये तक्कोलमच्या लढाईत पडला. हा चोळ गंडरादित्य शिवभक्त होता, चिदंबरमच्या देवावर त्याची तमिळ रचना आहे, आणि त्याची राणी सेंबियन महादेवी, जिनं विटांची जुनी देवळं दगडात बांधून काढली, ती तर त्याच्यापेक्षा जास्त प्रसिद्ध आहे. म्हणजे दक्षिणेत हे नाव राजघराण्यांमध्ये फिरत होतं. आदित्य जोडायची तर फॅशनच होती म्हणा, चालुक्यांमध्ये विनयादित्य, विजयादित्य, विक्रमादित्य अशी रांगच लागलेली आहे.

मग राजा म्हणून हा माणूस कसा होता, कारण नाव ठेवताना ते बघावंच लागतं, नुसता अर्थ चांगला असून चालत नाही. माझ्या मनात हे नाव बसलं ते लढायांमुळं नाही. गंडरादित्यानं मिरजेकडच्या भागात इरुकुडी नावाच्या गावी एक मोठा तलाव खोदला आणि त्याच्या काठावर तीन देवळं बांधली, एक शंकराचं, एक बुद्धाचं आणि एक जिनाचं, म्हणजे जैन तीर्थंकराचं. हे त्याच्या ताम्रपटात आहे. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला, एकाच पाण्याच्या काठावर, तिन्ही देवांना जमिनी दान देऊन. मी हे पहिल्यांदा कॉलेजात असताना वाचलं आणि तेव्हापासून हा राजा डोक्यातून गेला नाही.

आणि त्या तलावाचं नाव काय ठेवलं? गंडसमुद्र. र गेला, आदित्य गेला, राहिला नुसता गंड. म्हणजे नावाचं छोटं रूप त्या काळातसुद्धा चालायचं.

अजून एक जागा सांगते. आपल्या आजऱ्याला, होय तेच घनसाळ तांदळाचं आजरा, त्याचं जुनं नाव आजुरिका, तिथं गंडरादित्यानं जैन मंदिर बांधलं होतं, आणि त्या मंदिरात बसून सोमदेव नावाच्या जैन पंडितानं 1205 साली संस्कृत व्याकरणावरचा ग्रंथ पुरा केला, तेव्हा नातू भोज राज्य करत होता. ग्रंथाच्या शेवटी त्या पंडितानं लिहून ठेवलं की हे मंदिर गंडरादित्यदेवानं बांधलेलं आहे. राजा जाऊन साठसत्तर वर्षं झालेली. आणि इथं कोल्हापुरात शुक्रवार पेठेकडं रूपनारायणाचं नाव लावलेलं जैन मंदिर होतं ते त्याचा सामंत निंबदेव यानं बांधलेलं, रूपनारायण हे गंडरादित्याचंच बिरुद. सामंतानं देवळाला राजाचं बिरुद द्यावं इतका जीव होता. घराण्याची देवता मात्र आपली अंबाबाई, शिलाहार स्वतःला महालक्ष्मीच्या वरप्रसादानं राज्य मिळालेले म्हणवायचे.

घराण्याच्या नावाची पण गोष्ट आहे, लहान मुलाला सांगण्यासारखी आहे म्हणून सांगते. शिला म्हणजे दगड, आहार म्हणजे जेवण. विद्याधर राजपुत्र जीमूतवाहन एक नाग वाचवायला स्वतः त्याच्या जागी शिळेवर जाऊन झोपला, गरुड आला आणि त्यानं याला खायला घेतलं, पण हा हलला नाही. शेवटी गरुडालाच लाज वाटली आणि त्यानं नाग खायचं सोडलं. त्या शिळेवर आहार झालेला तो जीमूतवाहन आमचा मूळपुरुष असं शिलाहार सांगायचे, आणि म्हणून त्यांच्या झेंड्यावर सोन्याचा गरुड. ही कथा आहे, इतिहास म्हणून घेऊ नका, पण दुसऱ्याचा जीव वाचवणाऱ्याला मूळपुरुष मानणारं घराणं मला तरी आवडतं.

आता हे नाव किती लोकांचं आहे, हा वहिनीचा प्रश्न. अमेरिकेत त्यांचं सोशल सिक्युरिटीचं खातं दरवर्षी बाळांच्या नावांची यादी काढतं, 1880 पासूनची मिळते, कुठलं नाव किती मुलांना ठेवलं हे आकड्यात सांगता येतं. आपल्याकडं तसं काही नाही, त्यामुळं कुठल्याही अॅपवर "भारतात लोकप्रियता इतके टक्के" असं दिसलं तर त्यावर विश्वास ठेवू नका. मी माझ्यापुरतं सांगते, कोल्हापुरात शाळा-कॉलेज-नोकरी सगळं झालं, शिवाजी, संभाजी, राजाराम भेटले, आदित्य तर प्रत्येक वर्गात होता, विक्रमादित्य सुद्धा दोन भेटले, गंडरादित्य एकही नाही. रूळलं नाही याचं कारण माझ्या मते सरळ आहे, भाषेचा पट्टा सरकला. शिलाहार गेले, यादव आले, राज्यकारभारात मराठी आली, आणि गंड या शब्दातला वीर लोकांना ऐकू येईना. विजयादित्य टिकलं कारण विजय कळतो. त्याच घराण्यातली जतिग, गोंक, गूवल ही नावं तर पार पुसली गेली, बल्लाळ तेवढं आडनावात राहिलं.

अडचणी आहेत, त्या लपवून ठेवणार नाही, ज्याला हे नाव ठेवायचं असेल त्यानं आधी या बघाव्यात.

पहिली, चिडवणं. गंडवणं, गंडा घालणं, पेपरात गंडलो, हे शब्द मुलांच्या तोंडात रोज असतात आणि पहिलीतल्या पोराला ते ऐकावं लागणार. त्याला चार वर्षांचा झाला की अर्थ पाठ करून द्यायचा, वीरांचा सूर्य, म्हणजे विचारलं की सांगता येतं. आणि लाडानं गंडू मात्र कुणी करायचं नाही, आजीनं पण नाही, कन्नडमध्ये त्याचा अर्थ पुरुष असला तरी हिंदीत त्याच्या जवळचा शब्द घाण शिवी आहे आणि पोरगं उद्या पुण्यात नाहीतर दिल्लीत शिकायला जाईल.

दुसरी अडचण स्पेलिंगची, आणि ही मला जास्त मोठी वाटते. आपल्या नावात ड आहे आणि द पण आहे, गं-ड-रा-दि-त्य, पण इंग्रजीत दोन्हीला डी. त्यामुळं बाहेरचा माणूस वाचणार गंदरादित्य नाहीतर गंडराडित्य. त्यावर उपाय नाही, फक्त एक करायचं, एकच स्पेलिंग ठरवायचं आणि जन्मभर तेच ठेवायचं. मधल्या रा ला एक ए की दोन ए हे आधीच ठरवा, एक घेतला तर बारा अक्षरं होतात, दोन घेतले तर तेरा. आम्ही एकच घेतला.

हे मी एवढं सांगतेय कारण माझ्याच दाखल्यावर आणि दहावीच्या सर्टिफिकेटवर नावाचं स्पेलिंग वेगवेगळं पडलं होतं, एक वाय आणि एक आय, आणि त्यापायी मला पुढं अॅफिडेव्हिट करून गॅझेटपर्यंत जावं लागलं. बाळाच्या जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते पण नाव त्याच वेळी द्यायला लागतं असं नाही, नावाशिवाय नोंद होते आणि वर्षभरात नाव फुकट भरता येतं, त्यानंतर लेट फी भरून 15 वर्षांपर्यंत. म्हणून दवाखान्यात घाईगडबडीत कुणीतरी नर्सला तोंडी सांगितलेलं नाव जाऊ देऊ नका. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्यांना तर शाळा, लायसन्स, मतदार यादी सगळीकडं जन्मतारखेला जन्मदाखलाच लागणार आहे, मग त्यावर नाव चुकलं की चूक सगळीकडं फिरते.

तिसरी अडचण आमच्या आईची. "हाक कशी मारायची गं एवढी लांब? ताटात वाढेपर्यंत पोरगं पळून जाईल." आदी म्हणावं तर गल्लीत चार आदी आहेत, वहिनीला तेच नको होतं. मग गंडसमुद्राचा दाखला देऊन मी म्हटलं छोटं रूप आपण पण काढू, आणि दोन दिवस सगळे वेगवेगळं म्हणून बघत होते, आदित्य, रादी, गंडर. शेवटी आईच्या तोंडात रादू बसलं. र पासून सुरू होतं ते, त्याच र पासून. आईला ते माहीत नाही, तिला म्हणायला सोपं वाटलं म्हणून तिनं घेतलं.

बारसं परवा झालं. पाळण्याला झेंडूची माळ, खाली तांदळाची रास, बायकांनी गोविंद घ्या गोपाळ घ्या करून बाळ पाळण्याखालून एकमेकींच्या हातात दिलं, गडहिंग्लजच्या काकू पहिल्या. मग मला पुढं ढकललं. मी वाकले, त्याच्या कानाशी तोंड नेलं, त्याच्या टाळूला तेलाचा आणि वेखंडाचा वास येत होता, पाठीवर सगळ्या बायका धपाधप मारत होत्या तशी पद्धतच आहे, आणि मी पाच अक्षरं सावकाश, ड जिभेला उलटा लावून आणि द दातावर ठेवून, त्याच्या कानात सांगितली.